मे महिना मुंबईतच: तीन मुलांना घेऊन कुठे कुठे जाऊ?

वैदेही_कांदिवली

नमस्कार मंडळी. दरवर्षी परीक्षा संपली की आम्ही तासगावला सासरी जातो, ते शाळा उघडायच्या तोंडावर परत येतो. यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत झालंय. त्यामुळे सासू-सासरे आमच्याकडेच आहेत आणि त्यांच्याबरोबर मोठ्या जाऊबाईंचा सार्थकही आलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो इथेच आहे.

सार्थक नऊ वर्षांचा, माझी मीरा सात वर्षांची आणि ओजस साडेतीन. घर वन बीएचके, त्यात आईंना विश्रांती हवी. मुलं उठल्यापासून सोफ्यावरून उड्या मारतात आणि मी दिवसभर "हळू, हळू" करत राहते. मला ते पटत नाही. सुट्टी आहे, त्यांनी पळायलाच हवं.

नवऱ्याला फक्त रविवारी सुट्टी असते. एरवी तिघांना मी एकटीच नेणार. दुपारी एकपर्यंत घरी परतायला हवं, कारण आईंचं जेवण आणि औषधं असतात. गाडी नाही, लोकल आणि बस. खर्चही बेताचाच झेपेल. गेल्या आठवड्यात एका मॉलमधल्या गेम झोनला नेलं होतं. तासाभरात कार्डातले पैसे संपले, ओजस रडत घरी आला आणि रात्री सार्थकने फोनवर आईला मुंबईबद्दल एवढंच सांगितलं, "लई लाइटा हायत गं." पहिल्यांदा मुंबईला आलेल्या पोराकडे सांगायला एवढंच असावं, हे मला लागलं.

त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. आल्या दिवशी विचारलं, "काकू, समुद्र चालत जायच्या अंतरावर हाय का?" तो नीट दाखवायचा आहे, नुसती भेळ खाऊन परत यायचं नाही. ज्यांनी लहान मुलांना घेऊन मेच्या उन्हात मुंबई केली आहे त्यांनी सांगा. शिबिरांच्या जाहिराती नकोत, कृपया.

निनाद_डोंबिवली

एक रविवार माथेरानला द्या. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, तिथून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन. तिथून माथेरानपर्यंत छोट्या गाडीची शटल असते. पुढे गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे मुलांचा हात सोडता येतो. मुंबईच्या मुलांसाठी हीच केवढी मोठी गोष्ट आहे! आमची मुलगी पहिल्यांदा तिथे रस्त्याच्या अगदी मधोमध चालली आणि मागे वळून आमच्याकडे बघत राहिली, कोणी ओरडतंय का म्हणून.

लाल मातीने कपडे रंगतात, जुनेच घाला. खाऊ पिशवीच्या आत ठेवा, माकडं हातातलं काढून घेतात. मे महिन्यातल्या रविवारी शटलच्या तिकिटाला मोठी रांग असते. कर्जतकडे जाणारी अगदी सकाळची लोकल पकडलीत तर जमेल. साडेतीन वर्षांच्या मुलाला एका दिवसात जाऊन-येऊन दमायला होईल, ते मात्र धरून चाला.

शुभदा_परळ

वैदेही, मी पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवत होते. आता निवृत्त आहे. सुट्टीत माझी नातवंडं आणि चाळीतली अजून चार-पाच मुलं माझ्यामागे असतात, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून गप्प बसवेना. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाच.

माझं म्हणणं असं की मुलांना ठिकाणं दाखवायला नेऊ नकोस. एक गोष्ट धर आणि तिचा माग काढत जा. आज जे पाहिलं त्यातून एक प्रश्न उरला पाहिजे आणि त्याचं उत्तर पुढच्या वेळी, दुसऱ्या ठिकाणी मिळालं पाहिजे. मग मुलं स्वतःच विचारतात, आता कधी जायचं? सुटे दहा पॉइंट दाखवले तर आठवड्याने त्यांना फक्त आइस्क्रीम आठवतं.

हत्तीपासून सुरुवात कर. भायखळ्याला उतरून पूर्वेला चालत राणीची बाग. बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. सकाळी साडेनऊला दार उघडतं, तेव्हाच आत शिरायचं. आईवडील आणि दोन मुलं मिळून कुटुंबाचं एकत्र तिकीट मिळतं, स्वस्त पडतं. आधी पेंग्विन उरकून घे, नंतर तिथे फार रांग लागते. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली मुंबईत आले. पेंग्विन म्हटलं की बर्फ, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि हे तर बर्फाशिवाय राहणारे. मीराला विचार, मग यांना एवढं गार का लागतं? पेरूजवळून समुद्राचा थंड प्रवाह वाहतो, त्या पाण्यात ते मासे पकडतात. घरी जाऊन आजोबांबरोबर नकाशात पेरू शोधू दे.

झाडांकडे बघायला विसरू नका. प्राण्यांच्या नादात लोक तिथल्या झाडांखालून नुसते चालत जातात, मला वाईट वाटतं. बाग १८६१ची आहे, त्यामुळे झाडंही तशीच जुनी. गोरखचिंचेचं खोड तिघांनी हात धरून मोजावं. कैलासपतीची फुलं खोडालाच लागतात आणि फळं तोफगोळ्यांसारखी लोंबतात, ओजसला ती फार आवडतील (खाली मात्र उभं राहायचं नाही!).

आता हत्ती. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला जहाजाने विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले आणि पुढे १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. ही गोष्ट हत्तीसमोर उभं राहून सांग आणि मुलांना म्हण, कुठे कुठे जोडलाय ते शोधा. माझ्याबरोबरची मुलं अर्धा तास त्याच्याभोवती फिरत होती. एकीने विचारलं, "आजी, तो आधी कुठे उभा होता ते दिसतं का अजून?" तिथेच मी ओळखलं, पुढचा रविवार घारापुरीचा.

अजून एक. काळा घोडा चौकातला मूळ पुतळा, राजासकटचा, १९६५मध्ये तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकात दिसतो तो २०१७ साली बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. गेटवेला जाताना चर्चगेटहून चालत निघालात तर वाटेत तो घोडा लागतो. मुलं लांबूनच ओरडतात, राजा उतरला, राजा उतरला!

घारापुरी मिस्टरांबरोबर, रविवारी. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून लाँच सुटते, तासभराचा प्रवास, समुद्र बघत वेळ कसा जातो कळत नाही. धक्क्यावरून थोडं अंतर छोटी गाडी नेते, मग एकशेवीसच्या आसपास पायऱ्या. सकाळी लवकरची लाँच धर, दहा-साडेदहाच्या पुढे पायऱ्या तापतात. आत गुहेत मात्र दगड गार असतो. त्रिमूर्तीसमोर मुलांना खाली बसव आणि काही बोलू नकोस. ती जवळजवळ वीस फूट उंच आहे, खाली बसल्यावरच तिची उंची लागते. बाहेर आल्यावर दुकानवाल्या बायकांशी बोलू दे. बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८मध्ये. त्याआधी रात्री काय करायचात, हे सार्थकने विचारलं तर त्या मनापासून सांगतात. गावाकडचा मुलगा असे प्रश्न बरोबर विचारतो.

आता समुद्र. सार्थकला समुद्र दाखवायचा तो ओहोटीला. भरतीला नुसतं पाणी दिसतं, ओहोटीला समुद्राच्या पोटात काय आहे ते दिसतं. ओहोटीची वेळ कशी काढायची हे तुझ्या सासऱ्यांना विचार, त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असेल. कोकणात जुनी माणसं असंच काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा, शुक्ल पक्ष असो की कृष्ण, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज असतो, काट्यावरची वेळ पेपरात किंवा मोबाइलवर पाहून घ्यायची. पण सार्थकने आधी हिशेब करायचा आणि मग पडताळायचा. आजोबा आणि नातू सकाळभर गुंतून राहतात, तेवढाच तुझ्या सासूबाईंना शांतपणा.

तुझ्यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया सगळ्यात चांगली. भरती रात्री दीड-सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेसात ते सव्वाआठला पाणी पार खाली गेलेलं असतं, ऊनही कोवळं. शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांपेक्षा जास्त मागे सरतं. वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर जा. डबक्यांत वाकून बघायचं आणि हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा राहायला आलेला असतो. खडकाला चिकटलेली कालवं, बोट लावायच्या आधीच मिटणारं समुद्रफूल, बोटाएवढे मासे. मुलांना दोन नियम सांग: उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खाली कोणाचं तरी घर असतं, आणि जिवंत शंख घरी आणायचा नाही. पायात पकड असलेले बूट हवेत. शेवाळावर चप्पल सटकते. पाणी चढायला लागलं की लगेच वर यायचं, मग कितीही रडारड होऊ दे. मुंबईच्या किनाऱ्यावर २०१७पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट अशा फेऱ्या काढतो, तारीख जुळली तर त्यांच्याबरोबर जा. त्यांच्यासोबत गेल्यावर दुप्पट दिसतं.

अक्सा तुम्हाला जवळ वाटेल, पण तिथे मुलांना पाण्यात उतरवू नकोस. तिथली वाळू आणि ओढ फसवी आहे, दरवर्षी माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. वाळूत खेळायचंच असेल तर जुहू किंवा गिरगाव, तेही घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत.

तिसरा माग पाण्याचा, आणि तासगावच्या मुलासाठी हा सगळ्यात जवळचा. टँकर पाहिलेल्या पोराला पाण्याची किंमत आपल्या मुलांपेक्षा जास्त कळते, इथे तो मीराला शिकवेल. कान्हेरी तर तुमच्या शेजारीच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी दार उघडताच शिरायचं, आतून लेण्यांपर्यंत बस जाते. सोमवारी बंद. लेणी १०९ आहेत, तुम्ही चार-पाच बघा. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बघितला की मुलांना विचार, दोन हजार वर्षांपूर्वी इतके भिक्खू या डोंगरावर राहायचे, ते पाणी कुठून आणायचे? मग खडकात खोदलेले पाट दाखव आणि प्रत्येक लेण्याजवळची पोढी. पावसाचं पाणी वळवून त्यात साठवायचं, वर्षभर तेच. मुलं पाटाचा माग काढत खडकावरून वर वर जातात, त्यांना कोणी "या बाजूला या" म्हणायला लागत नाही.

आणि त्याच जंगलात आपली तळी आहेत. विहार १८६०चं, मुंबईला नळाने पाणी द्यायला बांधलेलं पहिलं, आणि तुळशी १८७९चं. आज मुंबई सात तलावांचं पाणी पिते: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. मे महिन्यात पेपरात रोज त्यांच्या साठ्याचा आकडा येतो. मुलांना कॅलेंडरवर तो लिहायला लाव. रोज खाली जातो. सातव्या-आठव्या दिवशी मुलं नळ स्वतःहून बंद करतात, मला एकदाही सांगावं लागलेलं नाही.

याच मागावर शेवटी मलबार हिलला जा. हँगिंग गार्डन ज्याला म्हणतात ते फिरोजशहा मेहता उद्यान पाण्याच्या मोठ्या टाकीवर आहे. ज्या गवतावर आपण पळतोय त्याच्या खाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे, हे कळलं की मुलं जमिनीला कान लावतात. समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, तो ओजसचा. तिथून २०२५मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारी ४८५ मीटरची लाकडी वाट उघडली आहे, तिची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते.

आणि सार्थकला पोस्टकार्डं घेऊन दे. प्रत्येक ठिकाणाहून आल्यावर आईला एक कार्ड. फोनवर मुलं "बरंय" म्हणतात आणि ठेवतात. कार्डावर जागा कमी, त्यामुळे काय सांगायचं ते निवडावं लागतं. निवडताना त्याला स्वतःलाच कळेल त्याने काय पाहिलं.

वैदेही_कांदिवली

शुभदाकाकू, सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतेय. बाबांना पाऊणकी खरंच येते! मी विचारलं मात्र, त्यांनी पेपर बाजूला ठेवून अख्खा पाढा म्हणून दाखवला. सार्थक तोंड उघडं टाकून ऐकत होता. आता दोघं कॅलेंडर घेऊन बसलेत.

निनाद, माथेरान दिवाळीसाठी ठेवते, आईंचं चालणं सुरू झालं की सगळेच जाऊ.

काकू, काही शंका आहेत. राणीच्या बागेत साडेनऊला पोचायचं म्हणजे चर्चगेटकडची ऐन गर्दीची वेळ. तीन मुलांना घेऊन लोकलमध्ये कशी चढू? ओजस अर्ध्या तासानंतर "उचल" म्हणतो, त्याचं काय करू? आणि लाँचची मला मनातून भीती वाटते. २०२४च्या डिसेंबरमध्ये घारापुरीच्या वाटेवर जो अपघात झाला, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

समीर_ऐरोली

शुभदाताईंच्या भरती-ओहोटीत माझी एक भर. ठाणे खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो मेच्या अखेरीपर्यंत तरी असतात, पाऊस जवळ आला की जातात. त्यामुळे मुलांना आत्ताच दाखवा. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते. बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, कारण ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो. म्हणजे सार्थकचा हिशेब इथेही लागेल, फक्त उलट्या बाजूने. रविवारच्या जागा लवकर भरतात, आधी नोंदवा.

खाडीचा हा भाग २०१५मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आला. बोटीवर मुलांना एवढंच विचारा की पिल्लं राखाडी आणि मोठे गुलाबी का? खाडीतलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो रंग चढतो. माझा मुलगा तेव्हापासून गाजर खाल्लं की आरशात बघतो. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही. केंद्राच्या आवारात खारफुटीतून लाकडी वाट आहे, तिच्यावरून खाली बघितलं तर चिखलात नेवट्या उड्या मारताना दिसतात. मासा असून जमिनीवर चालतो, लहान मुलांना यापेक्षा जास्त काय हवं? कांदिवलीहून लांब आहे, पण ठाण्याला बस आणि पुढे ट्रान्स हार्बर लोकल असं केलंत तर ऐरोली स्टेशन सरळ आहे.

शुभदा_परळ

समीर, खाडीची माहिती छान दिलीस. नेवट्यांसाठी मीही एकदा येईन.

वैदेही, एकेक घेऊ.

गर्दी. कांदिवलीहून चढूच नकोस. उलट बोरिवलीला जा आणि तिथून सुटणारी धीमी लोकल पकड. बसायला जागा मिळते. महिला डब्यात बस आणि दादरला उतरायच्या आधी दोन स्टेशनं उठून दाराकडे सरकायला लाग. मोठी दोघं पुढे, त्यांच्या मागे तू ओजसला कडेवर घेऊन. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेची धीमी, भायखळा चौथं स्टेशन. परतीला अकरा-साडेअकराला उलट्या दिशेला गाड्या मोकळ्या असतात, एकच्या आत घरी पोचशील. पाच वर्षांखाली तिकीट नाही, सार्थक आणि मीराला अर्धं.

सार्थकला लोकलची ओळख आधी करून दे. एखाद्या दुपारी तुमच्याच स्टेशनच्या पुलावर अर्धा तास उभं राहा. धीमी कुठली, जलद कुठली, इंडिकेटर कसा वाचायचा, हे त्याला एकदा कळलं की तो तुझा मदतनीस होतो. तिघांच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. आणि घरातून निघताना रोज एकदा म्हणून घे: हरवलो तर चालायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं, आणि पोलीस नाहीतर लेकुरवाळी बाई दिसली की तिला सांगायचं. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन्ही सार्थकला पाठ करायला लाव, पाऊणकी येते म्हटल्यावर हे काहीच नाही.

ओजस. साडेतीनचं मूल "उचल" म्हणतं तेव्हा पाय दमलेले असतातच असं नाही, बऱ्याचदा त्याला तुमचं बोलणं ऐकू येत नसतं. सगळे वरच्या वर बोलत असतात. त्याला एक काम दे. माझ्याकडे सगळ्यात लहानाकडे टिकल्यांचं पाकीट असतं. पाणी प्यायला थांबलो की सगळ्यांच्या हातावर एकेक टिकली लावायची, म्हणजे किती वेळा थांबलो ते घरी जाऊन मोजता येतं. शिवाय तो स्वतःच आठवण करतो, पाणी प्या म्हणून, आणि मेमध्ये तीच आठवण सगळ्यात मोलाची. एका दिवशी एकच ठिकाण, हे मात्र पाळ. पेंग्विन, वाघ, झाडं आणि हत्ती एवढं सगळं त्याला एका सकाळी झेपणार नाही. वाघ राहू दे पुढच्या वेळेला.

खाणं घरचं ने. धिरडी किंवा मेथीचे ठेपले उन्हात टिकतात, दहीभात नको. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी वेगळ्या बाटलीत. राष्ट्रीय उद्यानाच्या दारात आदिवासी बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, द्रोणभर नक्की घे. सार्थकला मुंबईत करवंदं मिळतात याचं नवल वाटेल. ताडगोळे दिसले तर सोडू नकोस, पण सोलून घरी आणून खा.

लाँच. तुझी भीती रास्त आहे, ती बाजूला सारू नकोस, कामाला लाव. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय आणि पट्टे आवळल्याशिवाय बसायचं नाही, लहान मुलांच्या मापाचं आहे का ते चढण्याआधी विचारायचं. नसेल तर ती लाँच सोडायची. भरलेली दिसली तरी सोडायची, मागून दुसरी येते. वरच्या मजल्यावर जाण्याचा मोह तीन मुलांसह नको, खाली बाकावर बस, मिस्टरांच्या आणि तुझ्या मध्ये मुलं. मेच्या शेवटी वारं वाढतं आणि समुद्र खवळायला लागतो, त्यामुळे घारापुरी पहिल्या पंधरवड्यातच उरक. हवा बिघडलेली वाटली तर त्या दिवशी गेटवेवरून मागे फिरा आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जा. तिथे मुलांचं वेगळं संग्रहालय २०१९पासून आहे. मुलं नाराज होतील. होऊ देत.

मधला एखादा दिवस घरीच राहा. रोज बाहेर नेलं तर पाहिलेलं मुरत नाही. त्या दिवशी बाबांनी त्यांच्या लहानपणच्या सुट्टीतलं काही सांगावं, मुलांनी हत्ती काढावा.

वैदेही_कांदिवली

काकू, टिकल्यांची कल्पना ओजसला आत्ताच सांगितली, तो लगेच माझ्या ड्रॉवरमधून पाकीट घेऊन आला.

ठरलं असं. सार्थक आणि बाबांच्या हिशेबाने येत्या शनिवारी तृतीया आहे, भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. मोबाइलवर पाहिलं तर थोडाच फरक निघाला, बाबा दिवसभर खुशीत आहेत. तर शनिवारी पहाटेच्या गाडीने वांद्रे, तिथून बसने बँडस्टँड, खडकांवर साडेसात ते पावणेनऊ. राणीची बाग पुढच्या गुरुवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी घारापुरी. समीर, ऐरोलीचं नोंदवून ठेवते, मेचा तिसरा रविवार मिळाला तर बघते.

काकू, एकच विचारायचं राहिलं. मुलांचे बूट शाळेचेच आहेत, कॅनव्हासचे. खारं पाणी लागून खराब होतील, पण शेवाळावर पकड राहील ना? की पावसाळी सँडल घेऊ?

शुभदा_परळ

कॅनव्हासचेच घाल, तळ रबरी असला की झालं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेव आणि सावलीत वाळव. सँडलमध्ये खडे आणि कालवांच्या कपच्या शिरतात, पाय कापतो. मोजे जाड घाल आणि एक जोड कोरडे मोजे पिशवीत असू देत. शनिवारी मीही नातवंडांना घेऊन बँडस्टँडला येते, समुद्राच्या कठड्याशी साडेसातला. हिरवी छत्री असेल माझ्या हातात.